पॉवर विंडोची मशीन घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती केबलवर चालणाऱ्या रेग्युलेटरसाठी, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांच्या दारात तोच असतो: एक किंवा दोन पत्र्याचे रूळ, त्यांवर सरकणारा प्लॅस्टिकचा स्लायडर, स्लायडरला ओढणारी स्टीलची बारीक केबल आणि ती केबल ड्रमवर गुंडाळणारी मोटर. कैचीसारख्या हातांचा जुना प्रकार जास्त धोक्याचा, म्हणून त्याचा प्रश्न वेगळा घेतला आहे. दुकानात या सगळ्या जोडणीला सरसकट ‘काचेची मशीन’ म्हणतात.

काच चालत नाही. डोअर पॅड (दाराच्या आतल्या बाजूचं आवरण) काढण्याआधी दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं?

कानाने. इंजिन, पंखा, रेडिओ बंद ठेवा, चावी ऑन करा, दाराला कान लावा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा.

मोटर गरगर फिरते पण काच जागची हलत नाही, तर केबल तुटली आहे किंवा स्लायडर फुटला आहे. कटकट, करकर असा आवाज येत असेल तर केबल ड्रमवरून उतरून गुंतायला लागली आहे. तेव्हा ‘अजून एकदा बघू’ म्हणून बटण दाबत राहू नका. प्रत्येक दाबण्याबरोबर गुंता वाढतो आणि शाबूत असलेलं ड्रमचं घरही फुटतं. काच पुढून वर आणि मागून खाली अशी तिरकी जात असेल तर काच धरणारी एका बाजूची क्लिप गेली.

एकच ‘टक्’ आवाज येतो आणि त्याच क्षणी केबिनचा दिवा मंद होतो, तर करंट पोचतो आहे पण मोटर फिरू शकत नाही. कारण मोटरमध्ये असेल, अडकलेल्या रेग्युलेटरमध्ये असेल किंवा काच धरून ठेवणाऱ्या रबरात असेल. अशा वेळी बटण दाबून ठेवून दाराच्या आतल्या बाजूला मुठीने दोन-तीन ठोके द्या. ठोक्यासरशी काच चालू लागली तर मोटरचे कार्बन ब्रश (तिच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेले आहेत. ती मोटर आणखी थोडे दिवस ढकलेल, पण भरवशाची नाही.

काहीच आवाज येत नाही, तर मोटर जळाली असं समजायचं का?

नाही. इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात: मोटर आणली जाते आणि दोष तारेत निघतो. आधी ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण बघा, ते दाबलेलं असेल तर बाकीच्या दारांची बटणं चालत नाहीत. चारही काचा चालत नसतील तर फ्यूज किंवा रिले. पॉवर विंडोचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा कधीही लावू नका.

एकच काच तिच्या दारावरच्या बटणाने चालत नसेल पण ड्रायव्हरच्या मुख्य बटणाने चालत असेल, तर त्या दारावरचं बटण खराब आहे. दोन्ही बटणांनी चालत नसेल तर दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी तपासा. दार उघडताना-मिटताना तिच्यातल्या तारा रोज वाकतात. वरचं आवरण साबूत दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. दार अर्धं उघडल्यावर काच चालते आणि बंद केल्यावर चालत नाही, असं होत असेल तर दोष इथेच आहे.

सरतेशेवटी मोटरच्या कपलरवर (तारा जोडणाऱ्या प्लगवर) करंट तपासा. साध्या दोन तारांच्या मोटरला वरचं बटण दाबल्यावर १२ व्होल्टच्या आसपास आणि खालचं दाबल्यावर तेवढेच, पण उलटे दिसायला हवेत. मल्टिमीटर मात्र फसवतो. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो १२ दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. म्हणून कपलरला ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब लावून बघा. बल्ब लख्ख पेटला आणि मोटर फिरली नाही, तर दोष मोटरचा. बल्ब मिणमिणला तर तार शोधा.

मोटरला पाच-सहा तारा असतील तर तिच्यातच इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. तिथे ही बल्बची चाचणी करू नका, आणि बॅटरीतून थेट करंट तर मुळीच देऊ नका.

पार्ट घेताना काय सांगायचं?

मॉडेल आणि साल एवढं पुरत नाही. चासी नंबर न्या. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षात कपलर किंवा रुळाची लांबी बदललेली असते. पुढचं दार की मागचं, आणि बाजू कोणती, हे स्पष्ट सांगा: उजवी म्हणजे ड्रायव्हर साइड, डावी म्हणजे क्लीनर साइड. जुनी मशीन काढून सोबत नेता आली तर सर्वांत उत्तम. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बोल्टांची भोकं, कपलरच्या पिना आणि काच पकडण्याची जागा ताडून बघा.

मोटर चांगली असेल तर नुसता रेग्युलेटर मिळतो का ते विचारा. फक्त केबल आणि स्लायडरचं किटही मिळतं, स्वस्तही पडतं. पण ड्रमवर केबल योग्य ताणाने गुंडाळणं हे सरावाचं काम आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने पूर्ण रेग्युलेटरच घ्यावा. भंगार बाजारातल्या जुन्या मशीनचा स्लायडर तितकीच वर्षं उन्हात तापलेला असतो, तेव्हा तिथे मोटर घेणं एकवेळ ठीक, रेग्युलेटर नको.

कोणती हत्यारं आणि सामान लागेल?

१० नंबरची गोटी (सॉकेट), रॅचेट आणि ६ इंची एक्स्टेंशन, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, स्टार बिटांचा संच, डोअर पॅड उचकटायची प्लॅस्टिकची पट्टी, २ इंच रुंदीची मजबूत चिकटपट्टी, मार्कर, जाड हातमोजे, टॉर्च. सामानात डोअर पॅडच्या ५-६ जादा क्लिपा (जुन्यांपैकी दोन-तीन तुटतातच), पांढरं लिथियम ग्रीस आणि सिलिकॉन स्प्रे. रेग्युलेटर रिव्हेटने बसवलेला असेल तर ड्रिल मशीन आणि ६.५ मिमीचं बिट. पहिल्या खेपेला तीन तास हाताशी ठेवा. पावसाळ्यात उघड्यावर हे काम सुरू करू नका.

सुरुवात करण्याआधी कोणती काळजी घ्यायची?

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रेडिओचा कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगसाठी दाबाचा सेन्सर असतो. पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगशी संबंधित समजा आणि बॅटरी जोडलेली असताना त्याला हात लावू नका. मधे काच हलवायला बॅटरी परत जोडावी लागते, तेव्हा चावी खिशात ठेवा आणि मुलांना गाडीपासून लांब ठेवा. दारात हात असताना कुणी बटण दाबलं तर बोट जातं.

हातमोजे दाराच्या आतल्या पत्र्यासाठी. त्याच्या कडा कापलेल्या असतात, घासलेल्या नसतात.

डोअर पॅड न मोडता कसं काढायचं?

आधी फोटो काढा. मग स्क्रू शोधा: एक आतल्या हँडलच्या मागे छोट्या टोपणाखाली, एक-दोन हात ओढायच्या खळग्यात, काही गाड्यांत आरशामागच्या त्रिकोणी तुकड्याखाली, आणि कधी पॅडच्या खालच्या कडेला. पॅड हलत नाही म्हणजे स्क्रू राहिलाय. जोर लावण्याऐवजी टॉर्च घेऊन पुन्हा बघा.

सगळे स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकची पट्टी घाला आणि क्लिपेच्या अगदी शेजारी उचका. दोन क्लिपांच्या मधे ओढलं तर पॅडचा पुठ्ठा फाटतो आणि क्लिप दारातच राहते. तीन बाजू सुटल्या की पॅड सरळ आपल्याकडे ओढू नका. ते काचेलगतच्या कडेवर लटकलेलं असतं, ते वर उचलून निघतं. आणि निघालं तरी लगेच लांब नेऊ नका: बटणांचा कपलर आणि हँडलची केबल अजून जोडलेली असते.

पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडला तर चालतं का?

चालत नाही, आणि महाराष्ट्रात तर अजिबात नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातं, ते जायचंच असतं. तळाच्या भोकांतून ते बाहेर पडतं. हा कागद ते पाणी केबिनच्या बाजूला येऊ देत नाही. तो नीट बसला नाही की पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि आठवड्याने गाडीत कुबट वास येतो. कोकणात तर हीच ओल खालून पत्रा खाते.

कागद धरणारा काळा डिंक ब्लेडने कापू नका. कोपऱ्यातून सावकाश ओढा, थंडीत कडक झाला असेल तर हेअर ड्रायरने थोडा गरम करा. डिंकाला बोट किंवा धूळ लागू देऊ नका. परत बसवताना तो पकडत नसेल तर ब्यूटिलची नवी पट्टी लावा. साध्या चिकटपट्टीने काम चालवलं तर ती एका पावसाळ्यात सुटते. दारात दाबाचा सेन्सर असेल तर हा कागद हवाबंद बसणं आणखी महत्त्वाचं, कारण तो सेन्सर दारातल्या हवेच्या दाबावरच चालतो. दार उघडलंच आहे तर तळाची भोकं जाड तारेने मोकळी करून घ्या.

काच मशीनपासून सोडवायची कशी?

सगळ्या कामातला नाजूक भाग हाच. बहुतेक गाड्यांत बाजूची काच टफन्ड असते. पृष्ठभागावर ती बराच मार सोसते, पण कडेला पाना लागला किंवा ती फरशीवर कोपऱ्यावर टेकली की एका क्षणात सगळीचा चुरा होतो.

काच अशा उंचीवर आणा की तिचे दोन बोल्ट आतल्या पत्र्याच्या भोकांसमोर येतील, बहुतेक गाड्यांत ती अर्ध्याच्या जरा वर असते. मोटर चालत असेल तर बॅटरी आणि बटण तात्पुरते जोडून आणा. चालत नसेल तर केबल तुटलेली काच हाताने वर घ्या. मोटर जाम असेल तर मोटरचे तीन स्क्रू काढावे लागतात, म्हणजे काच हाताने हलवता येते. पण ड्रम मोटरबरोबर बाहेर ओढू नका. ड्रम निघाला की केबलची वेटोळी सुटतात, आणि नंतर ती कुणाच्या बापाला गुंडाळता येत नाहीत.

बोल्ट सैल करण्याआधी काच धरा. चिकटपट्टीचे दोन लांब तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा काचेच्या बाहेरच्या बाजूने सुरू करून दाराच्या चौकटीवरून आतल्या बाजूला काचेवर उतरवा. काच सुमारे ३ किलोची असते आणि चिकटपट्टी कोरड्या, पुसलेल्या काचेलाच धरते. आता बोल्टभोवती मार्करने रेघ मारा, ती पुढे काच सरळ बसवायला उपयोगी पडते. मग बोल्ट काढा, काच दोन्ही तळव्यांमध्ये धरून पूर्ण वर सरकवा आणि चिकटपट्टी ताणून घट्ट करा.

काच सुटलेली असताना कोणती चाचणी करायची?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि नवीन मशीन वर्षभरात परत जाण्याचं कारण इथेच सापडतं. काच मशीनपासून सुटलेली आहे, तोवर चिकटपट्टी काढून ती हाताने खाली-वर सरकवून बघा. तिच्या वजनापेक्षा थोडाच जास्त जोर लागायला हवा, आणि सगळीकडे सारखाच. एखाद्या ठिकाणी ती अडखळत असेल, वर ढकलताना दम लागत असेल, तर जुना रेग्युलेटर म्हातारपणाने गेलेला नाही. काच ज्या खाचेतून सरकते त्या चॅनल रबराने त्याला मारलंय, आणि नव्यालाही ते तसंच मारेल.

खाचेत बारीक माती, वाळलेला शाम्पू आणि रबराची भुकटी साचते. पातळ लाकडी पट्टीला ओलं फडकं गुंडाळून खाच वरपासून खालपर्यंत पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. मग सिलिकॉन स्प्रे हलका मारा आणि काच पाच-सहा वेळा हाताने फिरवा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबराला लावू नका. रबर फुगतं, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात खाच आधीपेक्षा घट्ट होते. रबर तडकलं असेल किंवा त्याच्या आतली मखमल झिजून गेली असेल तर ते बदला. मशीनच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो.

जुना रेग्युलेटर काढायचा आणि नवा बसवायचा क्रम काय?

मोटरचा कपलर काढा. रूळ आणि मोटर धरणारे १० नंबरचे ५ ते ७ बोल्ट असतात. वरचे बोल्ट पूर्ण न काढता नुसते सैल करायचे असतात, त्यांची भोकं किल्लीच्या भोकासारखी असतात आणि रूळ उचलला की सुटतो. रेग्युलेटर वाकडातिकडा करत मोठ्या भोकातून बाहेर येतो. तो कसा आला हे बघून ठेवा, नवा त्याच्या उलट क्रमाने जातो.

बोल्टांऐवजी रिव्हेट असतील तर फक्त त्यांचं डोकं ड्रिल करा, भोक मोठं करू नका. पडलेले तुकडे व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढा, नाहीतर वळणावर खडखडतील आणि गंज धरतील. नव्यासाठी पाव इंची रिव्हेट किंवा ६ मिमीचे बोल्ट, फ्लँज नटासकट. बोल्टची लांबी इतकीच ठेवा की नटाबाहेर दोन-तीन आटे दिसतील. लांब बोल्टचं टोक सरकत्या काचेला घासतं.

नवीन रेग्युलेटरच्या रुळावर लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. दारात घालण्याआधी कपलर जोडून तो हातात धरून एकदा चालवून बघा. वर म्हटल्यावर खाली जात असेल तर मोटर दुसऱ्या बाजूची आली आहे. केबलला हात लागू देऊ नका.

मग सगळे बोल्ट बोटाने लावा, एकही घट्ट करू नका. काच खाली घेऊन स्लायडरवर बसवा, मार्करची रेघ जुळवा, तिचेही बोल्ट सैलच ठेवा. आता बटणाने काच हळूहळू वर न्या, शेवटचे ४-५ सेंटिमीटर थांबत थांबत. चॅनल रबर तिला स्वतःच सरळ करतं. काच वर पूर्ण टेकली की आधी काचेचे बोल्ट आवळा, नंतर रुळाचे. आधी रूळ आवळला तर तो काचेला तिरकं ओढत राहतो. मनगटाचा जोर पुरे आहे. काचेच्या बोल्टला रॅचेटवर लटकू नका.

चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करून बघा. त्यानंतर दार बंद करू नका. दार उघडंच ठेवून लॉकचा खटका स्क्रू ड्रायव्हरने मिटवा आणि आतलं-बाहेरचं हँडल ओढा. खटका सुटला तरच दार लावा. हँडलची केबल विसरून दार लावलं तर ते उघडणं हे दिवसभराचं काम होतं.

कैचीच्या प्रकारात वेगळं काय?

त्यात काचेचं वजन पेलणारी घड्याळासारखी गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. मोटर काढली की दातेरी चक्राला धरणारं काही उरत नाही आणि हात झटक्याने उडतो. बोटं तुटण्याइतका. मोटर वेगळी करण्याआधी दातेरी पत्रा आणि मागची प्लेट यांच्यात आरपार भोक पाडून बोल्ट घालून दोन्ही बांधायचे असतात. सी-क्लॅम्प आणि बाकावरचा शिकंजा घरी नसेल तर हा प्रकार गॅरेजकडेच द्या.

नवीन मशीन बसली, पण एका दाबात वर जाणारी काच आता टप्प्याटप्प्याने जाते किंवा वर टेकून परत खाली येते.

मशीन खराब नाही. बॅटरी काढल्यामुळे मोटरच्या सर्किटला काचेची वरची मर्यादा आठवत नाही. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण आणखी काही सेकंद वर ओढून ठेवायचं, मग पूर्ण खाली नेऊन तसंच दाबून ठेवायचं. नेमका क्रम गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. हे न करता गाडी वापरू नका. बोट अडकलं तर काच मागे घेणारी सोय तोवर नीट काम करत नाही, आणि मागच्या सीटवर मुलं बसतात.

रात्री पावसात काच खाली अडकली. तात्पुरतं काय करता येईल?

काच वरून दिसत असेल तर एकाने बटण वर दाबून ठेवायचं आणि दुसऱ्याने आत-बाहेर दोन्ही तळवे काचेवर सपाट दाबून ती वर ढकलायची. ब्रश झिजलेली मोटर किंवा घट्ट रबर असेल तर अशी काच बहुधा वर जाते. गेली की फ्यूज काढून ठेवा, म्हणजे चुकून कुणी खाली करणार नाही. केबल तुटलेली काच मात्र वर राहत नाही. ती वर धरून चौकटीवरून चिकटपट्टी लावा, आणि काच आणि आतल्या रबरी पट्टीच्या फटीत पुठ्ठ्याची घडी दाबून बसवा.

काच पूर्ण दारात पडली असेल तर जाड प्लॅस्टिक दाराच्या चौकटीवरून आतल्या बाजूला दुमडा आणि दार लावा, दाराचंच रबर ते धरून ठेवतं. चिकटपट्टी बाहेरच्या रंगावर लावायची वेळ येत नाही. दार आपटू नका, आत सुटी काच आहे.

मोटर चालता चालता एकदम बंद पडली, दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. बदलायची का?

लगेच नाही. मोटर फार तापली की तिच्या आतला संरक्षक करंट तोडतो आणि निवल्यावर जोडतो. मुलांनी पाच मिनिटं काच खालीवर केली तरी हे होतं. पण दोन-तीन वेळाच चालवूनही होत असेल तर मोटरला कशाचं तरी ओझं होतंय, आणि ते ओझं काच हाताने सरकवण्याच्या वरच्या चाचणीत सापडेल.

कोणतं काम गॅरेजला द्यावं?

वॉरंटीतली गाडी, फ्रेम नसलेल्या दाराची काच (तिचा कोन रबरात बसण्यासाठी मिलिमीटरमध्ये जुळवावा लागतो) आणि कैचीचा प्रकार. तिथेही दोन गोष्टी सांगा: चॅनल रबर साफ करून किंवा बदलून द्या, आणि आतला प्लॅस्टिकचा कागद परत लावल्याचा पॅड बसवण्याआधीचा फोटो पाठवा.